बायोरिअ‍ॅक्टरमध्ये वाढणारी शोभेची रोपं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनकडे निघालं की दोन्ही बाजूंना रोपवाटिका लागतात. तिथेच थोडं आत आमची छोटी टिश्यू कल्चर लॅब आहे. जेरबेरा, स्पॅथिफायलम, सिंगोनियम आणि थोडं अँथुरियम ही आमची रोजची रोपं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की फोन वाढतात. बाल्कनीत कुंड्या ठेवणारे, मावळातले पॉलीहाऊसवाले, बीएस्सीची मुलं, नर्सरीवाले अशा सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. फोनवर घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहून ठेवते आहे.

टिश्यू कल्चर आणि कलम यांत फरक काय?

पानफुटीचं पान वहीत ठेवून त्याला रोपं फुटलेली आपण बहुतेकांनी लहानपणी पाहिली आहेत. झाडाच्या जिवंत पेशीत पूर्ण झाड उभं करण्याची ताकद असते. पानफुटी ते उघड्यावर करून दाखवते, बाकीच्या झाडांना त्यासाठी मदत लागते. कलम किंवा छाट कलमात आपण झाडाचा मोठा तुकडा घेतो आणि बाकीचं काम मातीवर, हवामानावर सोपवतो. टिश्यू कल्चरमध्ये तुकडा अगदी लहान असतो, कधी डोळा (पानाच्या बेचक्यातला कोंब), कधी पानाचा चौकोन, कधी नखाएवढी कळी. तो निर्जंतुक करून, अन्नद्रव्यं आणि संप्रेरकं घातलेल्या माध्यमावर बंद भांड्यात वाढवतात.

ही कल्पना गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९०२ साली मांडली. त्यांना स्वतःला सुट्या पेशीपासून झाड मिळालं नाही, कारण त्या प्रयोगांच्या वेळी ऑक्झिन आणि सायटोकायनिन ही संप्रेरकं कोणाला ठाऊकच नव्हती. पुढे १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर दाखवलं की या दोघांचं प्रमाण बदललं की तोच ऊतक (पेशींचा समूह) कधी मुळं काढतो, कधी फुटवे. आजही आमचं निम्मं काम त्या प्रमाणाभोवतीच फिरतं.

मग बायोरिअ‍ॅक्टर म्हणजे काय? बाटलीत काय कमी पडत होतं?

नाव जड आहे, वस्तू समजायला सोपी आहे. काचेचं किंवा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) सोसणाऱ्या प्लास्टिकचं बंद भांडं, त्यात आगार (माध्यम घट्ट करणारी पावडर) न घातलेलं द्रव माध्यम, आणि फिल्टरमधून आत जाणारी निर्जंतुक हवा. एवढं असलं की तो आमच्या कामापुरता बायोरिअ‍ॅक्टर झाला. भांडं १ लिटरचं असतं तसं २० लिटरचंही असतं. औषध कंपन्यांत मिक्सरसारखी पाती फिरणारे मोठे टँक असतात, ते आमच्या कामाचे नाहीत. पात्याच्या मारानं कोवळे फुटवे फाटतात.

बाटलीची पद्धत उत्तम आहे आणि आम्ही ती सोडलेली नाही. पण तिचं गणित बघा. एका बाटलीत ३०-४० मिलिलिटर आगारचं माध्यम, त्यावर आठ-दहा फुटव्यांचे गुच्छ. दर चार आठवड्यांनी प्रत्येक बाटली लॅमिनारखाली, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, उघडायची, गुच्छ कापायचे, नव्या बाटल्यांत लावायचे. १ लाख रोपांसाठी अशा १० हजारांहून जास्त बाटल्या धुवायच्या, भरायच्या, उकडायच्या, हाताळायच्या. लॅबच्या खर्चात सगळ्यांत मोठा वाटा मजुरीचा असतो, तो यामुळेच. आगारही स्वस्त नाही. बायोरिअ‍ॅक्टरमध्ये आगार लागत नाही, एका भांड्यात शेकडो गुच्छ एकदम बसतात आणि सगळ्या अंगानं अन्न मिळत असल्यानं रोपं जोमानं वाढतात.

शोभेच्या झाडांपासूनच या पद्धतीची सुरुवात झाली, याचं मला फार अप्रूप आहे. १९८१ मध्ये जपानमध्ये ताकायामा आणि मिसावा यांनी बेगोनियाची रोपं बायोरिअ‍ॅक्टरमध्ये वाढवून दाखवली. पुढे कोरियात फॅलेनोप्सिस ऑर्किड आणि शेवंतीवर, इस्रायलमध्ये ग्लॅडिओलसवर बरंच काम झालं.

रोपं पाण्यात ठेवली तर गुदमरत नाहीत का?

गुदमरतात. बायोरिअ‍ॅक्टरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवा, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

घरी मुगाला मोड आणताना आपण काय करतो? रात्रभर भिजवतो, सकाळी पाणी निथळतो आणि फडक्यात घट्ट बांधून ठेवतो. ते मूग पाण्यातच राहू दिले तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, बुळबुळीत होतात, मोड धड येत नाहीत. मुगाला पाणी हवं असतं आणि हवाही हवी असते. पाण्यात हवा फारच थोडी असते. २५ अंशाला १ लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर १ लिटर हवेत त्याच्या तीसपटीहून जास्त असतो. शिवाय पाण्यात ऑक्सिजन इकडून तिकडे सरकतो तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू. त्यामुळे फुटव्याच्या अंगालगतचा ऑक्सिजन संपला की तिथे नवा पोहोचेपर्यंत ऊतक उपाशी राहतो.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला, खालून सतत बारीक बुडबुडे सोडायचे. ऑर्किडच्या गोळ्यांसारख्या वाढीला आणि लिलीच्या लहान कंदांना हे मानवतं. दुसरा मार्ग मुगाच्या फडक्याचा. रोपं एका कप्प्यात, माध्यम दुसऱ्यात. ठरलेल्या वेळी हवेच्या दाबानं माध्यम रोपांच्या कप्प्यात चढतं, मिनिट-दोन मिनिटं सगळं भिजतं, दाब बंद झाला की माध्यम आपोआप उतरतं. पानांवर आणि देठांवर पातळ ओल राहते, तेवढी पुढच्या फेरीपर्यंत पुरते. शिवाय दर वेळी भांड्यातली शिळी हवा बाहेर जाते आणि ताजी आत येते. याला तात्पुरती बुडवण किंवा टेंपररी इमर्शन म्हणतात. फ्रान्सच्या सिराद या संस्थेत तयार झालेलं रीटा नावाचं भांडं १९९५ च्या सुमारास प्रसिद्ध झालं, तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. भांड्याच्या खालच्या भागात २०० मिलिलिटर माध्यम आणि वरच्या टोपलीत रोपं, एवढीच त्याची रचना.

आमच्याकडे स्पॅथिफायलमला दर सहा तासांनी दोन मिनिटं, असं वेळापत्रक बसलं आहे. तुमच्याकडे तेच चालेल असं धरू नका. भांड्याचा आकार, गुच्छांची गर्दी, खोलीचं तापमान यांतलं काहीही बदललं की वेळ बदलते. शंका आली तर बुडवण कमी करा, वाढवू नका. तहानलेला फुटवा हळू वाढतो, पण सावरतो. बुडालेला सावरत नाही.

माझी रोपं काचेसारखी पारदर्शक झाली आहेत. हा रोग आहे का?

रोग नाही, आतली घडण बिघडली आहे. लॅबमध्ये याला व्हिट्रिफिकेशन किंवा हायपरहायड्रिसिटी म्हणतात. असं पान चिमट्यानं उचलून ट्यूबलाइटसमोर धरा. चांगलं पान मऊ, अपारदर्शक हिरवं दिसतं आणि चिमट्यात वाकतं. बिघडलेलं पान भिजलेल्या बटरपेपरसारखं दिसतं, जाडसर लागतं आणि वाकवलं की कट्‌कन मोडतं, मोडलेल्या जागी पाणी सुटतं. त्याच्या पेशींमधल्या ज्या पोकळ्यांत हवा असायला हवी, तिथे पाणी भरलेलं असतं. पर्णरंध्रं धड उघडझाप करत नाहीत. असं रोप बाहेर काढलं की अर्ध्या तासात मान टाकतं.

कारणं बहुतेक वेळा एकत्र येतात: बुडवण जास्त वेळ, सायटोकायनिन जास्त, माध्यमात अमोनियम जास्त, भांड्यात साठलेला इथिलीन वायू. आधी बुडवण कमी करा आणि हवेची फेरी वाढवा. मग बीएपी (आम्ही वापरतो ते सायटोकायनिन) कमी करून पाहा. तेही जमलं नाही तर अमोनियम नायट्रेट निम्मं करा. हे सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणारच नाही. इस्रायलच्या मीरा झिव यांनी ग्लॅडिओलसमध्ये वाढरोधकं वापरून पानांऐवजी घट्ट डोळ्यांचे गुच्छ मिळवले. पानं कमी म्हणजे बिघडायला जागाही कमी. कंदवर्गीय झाडांसाठी ही वाट चांगली आहे.

थोडी बिघडलेली रोपं परत आगारवर चार आठवडे ठेवली तर काही सुधारतात. पूर्ण काचेसारखी झालेली टाकून द्या.

माध्यमात नक्की काय घालतात?

बहुतेक ठिकाणी मुराशिगे आणि स्कूग यांचं १९६२ सालचं सूत्र वापरतात, सगळे त्याला एमएस म्हणतात. लिटरला १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट, १९०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, चिमूट चिमूट लोह, जस्त, बोरॉन आणि काही जीवनसत्त्वं. त्यात लिटरला ३० ग्रॅम साखर. सामू (पीएच) ५.८ च्या आसपास. तयार पावडर मिळते, सुरुवातीला तीच घ्या. साखर का, असं मुलं हमखास विचारतात. भांड्यातलं रोप प्रकाशावर पोट भरत नाही, ते साखरेवर जगतं. हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे रंगीबेरंगी पानांच्या प्रश्नात लागेल.

ऑटोक्लेव्ह १५ पौंडाला २० मिनिटं दिला, तरी माध्यम खराब का झालं?

दोन शक्यता आहेत. पहिली, भांडं मोठं आहे. ४० मिलिलिटरच्या बाटलीला २० मिनिटं पुरतात, १० लिटरच्या भांड्याच्या मध्यभागी तेवढ्या वेळात १२१ अंश पोहोचतही नाहीत. आम्ही तासाच्या आसपास देतो आणि तापमानाचा सेन्सर माध्यमात सोडतो.

दुसरी गोष्ट पुण्याची आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर राहतो. दाबाचा काटा बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे तेवढंच दाखवतो, आणि इथली हवा मुंबईपेक्षा विरळ आहे. त्यामुळे इथे काटा १५ पौंडावर असताना आतलं तापमान १२१ ऐवजी सुमारे १२० भरतं. १ अंशानं लहान बाटलीचं बिघडत नाही, काठावरच्या मोठ्या भांड्याचं बिघडू शकतं. काट्यापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा.

लाईट गेली तर?

याचं उत्तर आम्ही नुकसान सोसून शिकलो. पहिल्या वर्षीच्या जुलैमध्ये आमच्या १० लिटरच्या भांड्यात सिंगोनियमची सहा आठवड्यांची सुंदर वाढ होती. रात्री लाईट गेली, कॉम्प्रेसर बंद पडला. हवेचा दाब संपल्यावर भांड्यातलं माध्यम हवेच्या नळीतून उलटं चढलं आणि फिल्टरपर्यंत पोहोचलं. कॉम्प्रेसर आम्ही भांड्याच्या खालच्या फळीवर ठेवला होता, त्यामुळे सायफनच लागला. सकाळी लाईट आल्यावर सगळं आधीसारखं चालू झालं, कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पण ०.२ मायक्रॉनचा फिल्टर आता गोड पाण्यानं ओला होता आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला पावसाळी हवेतली बुरशी होती. तिसऱ्या दिवशी माध्यम किंचित धुरकट दिसलं. मी झाकणाशी नाक नेलं तर आंबलेल्या ताकाचा वास आला. बाटलीत असं झालं असतं तर दहा गुच्छ गेले असते. इथे भांडंच्या भांडं गेलं, सहा आठवड्यांचे श्रम गेले, आणि ज्या नर्सरीवाल्या दादांना रोपं कबूल केली होती त्यांचा हंगाम हुकला. त्यांच्याकडे जाऊन हे सांगणं मला फार जड गेलं.

तेव्हापासून हवेची नळी भांड्याच्या पातळीच्या वर वळसा घालून आणतो, कॉम्प्रेसर वरच्या फळीवर ठेवतो, नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवतो, आणि टायमर व कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवर चालतात. फिल्टर पाणी झिडकारणाऱ्या पडद्याचाच घ्या. आणि लाईट गेली होती हे कळलं की सकाळी आधी फिल्टर बघायचे, चहा नंतर.

तरी कंटॅमिनेशन होतंच. ते कुठून येतं?

हवेतून येतं त्यापेक्षा जास्त झाडातूनच येतं. काही जिवाणू झाडाच्या आत, पेशींमध्ये दडून असतात. वरून कितीही धुतलं तरी ते निघत नाहीत, आणि आगारवर कित्येक महिने गप्प बसतात. द्रव माध्यमात गेले की मात्र दोन दिवसांत पसरतात. म्हणून आमचा एक नियम आहे आणि तो कोणासाठीही मोडत नाही: आगारवर किमान तीन-चार सबकल्चर (नव्या माध्यमावर बदली) स्वच्छ गेलेली ओळच, म्हणजे एका मातृझाडापासून वाढवलेले गुच्छच, बायोरिअ‍ॅक्टरमध्ये जातात. त्याआधी त्या ओळीचा तुकडा जिवाणू वाढवणाऱ्या माध्यमावर ठेवून पाहतो.

मातृझाड शेडनेटमध्ये कोरडं ठेवा. पानांवरून पाणी घालू नका, बुंध्याशी द्या. जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो नवीन तुकडे घेऊच नका. निर्जंतुक करायला अजूनही बऱ्याच ठिकाणी मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते जहाल विष आहे आणि धुतलेलं पाणी शेवटी कुठेतरी जातंच. सोडियम हायपोक्लोराइट आणि धीर यांवर बहुतेक झाडांचं भागतं.

एका झाडापासून वर्षात किती रोपं होतात? पाच लाख ही जाहिरात खरी का?

कागदावर खरी आहे. एका फुटव्याचे दर चार आठवड्यांनी तीन झाले, तर बारा फेऱ्यांत ५,३१,४४१ होतात. आता दर फेरीला फक्त १० टक्के वाया गेले असं धरा. आकडा दीड लाखावर येतो. त्यातून मुळं न धरणारे आणि हार्डनिंगमध्ये (रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावताना) मरणारे वजा करा. शिवाय आठ-दहा फेऱ्यांनंतर तीच ओळ पुढे रेटणं शहाणपणाचं नाही, रोपांत फरक पडू लागतो. मग मातृझाडापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. कोणी एका झाडाचे लाखो करून देतो म्हणाला तर त्याला फेऱ्या किती, हे नक्की विचारा.

कोणती झाडं बायोरिअ‍ॅक्टरमध्ये चांगली येतात?

आमच्या अनुभवात स्पॅथिफायलम आणि सिंगोनियम सगळ्यांत समजूतदार. ऑर्किडचे गोळे, लिली आणि ग्लॅडिओलसचे लहान कंद, शेवंतीचे एका डोळ्याचे तुकडे यांच्यावर जगभर चांगलं काम झालेलं आहे. अँथुरियम येतं, पण हळू, आणि त्याचा कॅलस (पेशींचा आकारहीन गोळा) करावा लागत असल्यानं लक्ष ठेवावं लागतं. अ‍ॅग्लोनिमा आतल्या जिवाणूंमुळे फार सतावतं. गुलाब आम्ही बाटलीतच ठेवतो, त्याची पानं लवकर बिघडतात.

जेरबेराचं जरा वेगळं आहे. तळेगाव-मावळच्या पॉलीहाऊसमध्ये जो जेरबेरा दिसतो तो टिश्यू कल्चरवरच उभा आहे, कारण बियांपासून तोच रंग येत नाही आणि गड्डे फोडून रोपं फार थोडी मिळतात. सुरुवात कोवळ्या कळीपासून करतात. वाढ बायोरिअ‍ॅक्टरमध्ये जोरात होते, पण काचेसारखं होण्याचा धोकाही मोठा असतो. म्हणून आम्ही पहिल्या फेऱ्या आगारवर आणि शेवटच्या एक-दोनच द्रवात करतो.

व्हेरिगेटेड (रंगीबेरंगी पानांच्या) मॉन्स्टेराचं करून द्याल का?

हा प्रश्न आता रोज येतो, विशेषतः कोथरूड-बाणेरकडच्या हौशी मंडळींकडून. पांढरे मोठे पट्टे असलेला अल्बो आम्ही घेत नाही. झाडाच्या शेंड्यात पेशींचे थर असतात. अल्बोमध्ये त्यातल्या एखाद्या थराच्या पेशींत हरितद्रव्य नसतं. डोळ्यातून फुटवा आला तर सगळे थर बरोबर येतात आणि पट्टे टिकतात. कॅलसमधून आला तर तो एखाद-दोन पेशींपासून उभा राहतो, म्हणजे एकच थर. मग रोप एक तर पूर्ण हिरवं किंवा पूर्ण पांढरं. पांढरी रोपं बाटलीत छान दिसतात, कारण ती साखरेवर जगतात. बाहेर काढली की महिन्याभरात मरतात. थाई कॉन्स्टेलेशन या दुसऱ्या मॉन्स्टेराचे ठिपके लॅबमध्येही टिकतात, म्हणून बाजारात तेच जास्त दिसतं.

टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे जनुकबदल केलेलं रोप का?

नाही. जनुकांना कोणी हात लावत नाही. तीच जात, तेच झाड, फक्त वाढवण्याची जागा वेगळी.

ते आपोआप व्हायरसमुक्त असतं का?

तेही नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. १९५२ मध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी फ्रान्समध्ये डेलियाच्या अगदी टोकाचा, मिलिमीटरहून लहान कोंब वेगळा काढून व्हायरसमुक्त झाडं मिळवली. तेवढं बारीक टोक घेतलं तर व्हायरस सुटण्याची शक्यता असते. मोठा डोळा घेतला तर मातृझाडातला व्हायरस रोपांबरोबर हजारोंनी वाढतो. मातृझाडाची तपासणी आधी. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था चालवली आहे. त्यात व्हायरस आणि जनुकीय सारखेपणा दोन्ही पाहतात. मोठी खरेदी असेल तर प्रमाणपत्र मागा, मागायला संकोच नको.

बायोरिअ‍ॅक्टर आला की लॅबमधल्या बायकांचं काम जाईल का?

हा प्रश्न आमच्या ताईंनीच पहिल्यांदा विचारला होता. खरं उत्तर असं की लाख रोपांमागे लागणारे हात कमी होतात, यात शंका नाही. आमच्याकडे कोणाला कमी केलं नाही. पूर्वी दिवसभर लॅमिनारसमोर मान वाकवून बसणाऱ्या दोघी आता हार्डनिंगचं पॉलीहाऊस बघतात आणि तिथली मर निम्म्यावर आली, कारण रोप कधी चांगलं आणि कधी बिघडलेलं हे त्यांच्या नजरेला सगळ्यांत आधी कळतं. भांड्यात टाकायचे गुच्छ निवडणं आणि बाहेर काढल्यावर प्रतवारी करणं, ही दोन कामं कुठलंही यंत्र करत नाही. लॅब उभी करणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

हार्डनिंगमध्ये माझी अर्धी रोपं का मरतात?

भांड्यातल्या रोपाला कधी तहान माहीत नसते. पानावर मेणाचा थर नावापुरता, पर्णरंध्रं उघडी, मुळं नाजूक. ते थेट पुण्याच्या एप्रिलच्या दुपारी आणलं तर टिकणार कसं? इथे मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत दुपारची हवा फार कोरडी असते. त्या काळात फॉगर आणि पॉलिथिनचा बोगदा नसेल तर रोपं काढूच नका.

आमची पद्धत अशी: बायोरिअ‍ॅक्टरमधून काढलेले फुटवे प्रतवारी करून, बुंधा आयबीएमध्ये (मुळं फोडणारं ऑक्झिन) बुडवून थेट कोकोपीटच्या प्रोट्रेत (छोट्या खणांच्या ट्रेत) लावतो. मुळं बाहेरच धरतात आणि बाटलीतल्या मुळांपेक्षा दमदार निघतात. आगार धुवायची भानगड नसते, हा द्रव पद्धतीचा मोठा फायदा. पहिला आठवडा बोगद्यात ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, वर ७५ टक्के शेडनेट. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी बोगद्याची कड थोडी उचलायची, रोज थोडी जास्त. चार ते सहा आठवड्यांनी रोप कुंडीला तयार. कोकोपीट आधी गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, त्यात मीठ असतं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर फवाऱ्याला वापरू नका, पानांवर पांढरा थर बसतो.

पावसाळ्यात उलट त्रास होतो. आर्द्रता फुकट मिळते, पण बुंधे कुजतात. तेव्हा प्रोट्रे मोकळ्या मांडणीवर ठेवा आणि कोकोपीट दाबलं तर बोटांतून पाणी निथळणार नाही इतपतच ओलं ठेवा.

घरी करून पाहता येईल का?

बाटलीतलं हो. घरचा प्रेशर कुकर, तयार एमएस पावडर आणि हात घालायला भोकं पाडलेली पारदर्शक पेटी यावर शिकता येतं. बायोरिअ‍ॅक्टर घरी नको. आधी वर्षभर आगारवर हात बसू द्या.

पुण्यात शिकायचं कुठे?

या विषयात पुण्याचा वारसा मोठा आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मॅस्करेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साग, बांबू यांच्या टिश्यू कल्चरवर काम उभं केलं. ज्या बांबूला फुलायला कित्येक दशकं लागतात तो त्यांनी बाटलीत फुलवला. १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. विद्यापीठाच्या आणि जुन्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत पाया पक्का होतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाचं टिश्यू कल्चर मोठ्या प्रमाणावर चालतं. पॉलीहाऊस आणि फुलशेतीसाठी तळेगावला प्रशिक्षण मिळतं, आणि फुलांवर संशोधन करणारं राष्ट्रीय संचालनालयही पुण्यातच आहे.

बाजारातून आणलेली परदेशी जात आम्ही लॅबमध्ये वाढवून विकू शकतो का?

आधी ती जात नोंदलेली आहे का ते बघा. २००१ च्या वनस्पती जाती संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदणी झालेली जात व्यापारासाठी वाढवायला जातीच्या मालकाची परवानगी लागते. जेरबेरा, अँथुरियमच्या बऱ्याच नव्या जातींवर परदेशी पैदासकारांचे हक्क असतात. कोणीतरी वर्षानुवर्षं खपून तो रंग काढलेला असतो, रॉयल्टी त्याची आहे. जुन्या, खुल्या जातींतही कामाला भरपूर वाव आहे.

रोपं विकत घेताना काय बघावं?

प्रोट्रेतलं एक रोप हळूच उपटून मुळं बघा, पांढरी आणि कोकोपीटला धरून असली पाहिजेत. रोप भांड्याबाहेर आल्यावर नवीन पान फुटलेलं आहे का बघा, ते जुन्या पानापेक्षा गडद आणि ताठ असतं. पन्नास रोपं एका ओळीत ठेवून दुरून बघा, एखादं फार बुटकं किंवा वेगळ्या पानाचं असेल तर बाजूला काढायला सांगा. रोपं घरी नेल्यावर पहिले आठ दिवस खत देऊ नका, उन्हात ठेवू नका, आणि गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवून गुलटेकडीला दुसरी कामं करायला जाऊ नका. संध्याकाळी पाचनंतर आमच्याकडे या, रोपं गार हवेत घरी पोहोचतील.